गायतोंडे यांचे न्यूयॉर्कमधले वर्ष

चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे १९६४ साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा चाळिशीला टेकले होते. अमेरिकन धनिक जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या निधीची फेलोशिप त्यांना मिळाली होती. शिकायला जाण्याचं हे वय नव्हे. जेजे स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा त्यांनी १९४८ साली घेतला होता, मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी १९५० मध्ये नातं जुळलं होतं आणि १९५७ साली टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं पारितोषिक मिळालं होतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचं १९६२ सालचं एक चित्र ते स्वतः तिथे पोचण्याआधीच गेलेलं होतं. ज्या गावात आपलं चित्र आधीच संग्रहालयात लागलेलं आहे, त्या गावी कुणाच्या तरी पैशावर जाऊन राहायचं ते कशासाठी?

या प्रकरणाकडे बारकाईने बघावं असं मला फार दिवस वाटतंय. रेसिडेन्सी, म्हणजे कलावंताला काही काळ राहायला आणि काम करायला बोलावणारी योजना, म्हटलं की आपल्याकडे पंचविशीतला, पाठीवर पोर्टफोलिओ घेतलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो. नाव झालेल्या, हात बसलेल्या कलावंताला परदेशी पाठवण्यामागचा हिशोब अगदी निराळा असतो, आणि त्याबद्दल मराठीत कुणी धड बोलत नाही. गायतोंडे यांचं उदाहरण त्यासाठी उत्तम आहे, कारण जाण्यापूर्वीची चित्रं आणि आल्यानंतरची चित्रं दोन्ही आपल्यासमोर आहेत. मध्ये काय झालं ते ताडून बघता येतं.

जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. घराणं मूळचं गोव्याचं. वाढले मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. घरी पैसा नव्हता आणि चित्रकारितेतून तो येईल अशीही चिन्हं नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. केमोल्ड आणि पंडोल या खासगी गॅलऱ्या १९६३ मध्ये सुरू झाल्या. म्हणजे गायतोंडे यांची उमेदीची सगळी वर्षं बाजार जवळपास नसलेल्या शहरात गेली. चित्र विकलं गेलंच तर शेकड्यांत, तेही बहुधा एखाद्या ओळखीच्या परदेशी किंवा पारशी संग्राहकाला.

तरीही या काळात त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला क्वचितच आली, ती म्हणजे कामाला जागा. वॉर्डन रोडवर समुद्राच्या काठी भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. तिथे चित्रकारांना नाममात्र भाड्यात खोल्या मिळत. एका बाजूला रविशंकर यांचं ‘किन्नर’ हे संगीतविद्यालय, दुसरीकडे इब्राहिम अल्काझींचं थिएटर युनिट ही नाट्यसंस्था, मध्ये हुसेन, गायतोंडे आणि इतर. गायतोंडे कुणाशी फारसं न बोलता तासन्‌तास समुद्राकडे बघत बसायचे, असं त्यांचे सोबती सांगत. पाहुणे मात्र तिथे येत-जात. मुंबईत उतरलेल्या कुठल्याही परदेशी कलावंताला, प्रदर्शनं रचणाऱ्या क्युरेटरला ‘भुलाभाई’त आणणं हा जणू रिवाजच होता.

१९६३ मध्ये असाच एक पाहुणा आला, मॉरिस ग्रेव्हज. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा हा चित्रकार आशियाई विचारांकडे ओढलेला, स्वतः अबोल वृत्तीचा. गायतोंडे यांचं काम बघून त्याने न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला पत्र लिहिलं. आपण पाहिलेल्या उत्तमातल्या उत्तम चित्रकारांपैकी हा एक आहे, असा त्याचा आशय होता, आणि तुलनेसाठी त्याने नाव घेतलं होतं ते मार्क रॉथ्को या अमेरिकन अमूर्त चित्रकाराचं. हे पत्र गायतोंडे न्यूयॉर्कला जाण्याआधीचं आहे. पुढच्या सगळ्या चर्चेत हा तपशील ध्यानात ठेवायला हवा.

आता पैसे देणाऱ्याकडे वळू. रॉकफेलर घराण्यातल्या तिसऱ्या जॉनला आशियाबद्दल मनापासून आस्था होती. एशिया सोसायटी त्याने १९५६ साली काढली आणि १९६३ साली स्वतःच्या नावाचा हा निधी उभारला. आशियाई कलांच्या कार्यक्रमाची सूत्रं पोर्टर मॅक्रे यांच्याकडे दिली. मॅक्रे त्याआधी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सांभाळत, म्हणजे अमेरिकन चित्रं जगभर फिरवण्याचं काम करत. नव्या जागी त्यांनी उलटा प्रवाह सुरू केला आणि आशियातली माणसं अमेरिकेत आणली. शीतयुद्ध ऐन भरात होतं आणि अमेरिकन संस्थांना आशियातले बुद्धिवंत, कलावंत आपल्याकडे वळलेले हवे होते, हे उघडच आहे. त्याच १९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशनने पश्चिम बर्लिनमध्ये कलावंतांना वर्षभर ठेवून घेण्याची योजना सुरू केली. भिंत उभी राहून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. निधीमागे राजकारण होतं म्हणून त्यातून झालेलं काम बाद ठरत नाही. पण दात्याचा हेतू काय हे माहीत असलेलं बरं.

मुंबईच्या चित्रकाराला हा पैसा किती मोलाचा होता हे आज पटकन लक्षात येणार नाही. प्रश्न फक्त तिकिटाचा नव्हता. परकीय चलनाची तेव्हा विलक्षण टंचाई होती. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय परदेशी प्रवासाचं तिकीट काढता येत नसे. ‘पी फॉर्म’ भरायचा, तिकडचा खर्च कोण करणार ते दाखवायचं आणि मग मोजकं चलन खिशात घालून निघायचं. घरचा पैसा असला तरी तो डॉलरमध्ये बदलून मिळत नव्हता. गायतोंडे यांच्याकडे तर घरचाही पैसा नव्हता. म्हणून तिकडेच डॉलरमध्ये मिळणारी फेलोशिप हाच अमेरिकेत वर्ष काढण्याचा जवळजवळ एकमेव रस्ता होता. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. त्यानंतर तर तो रस्ता आणखी अरुंद झाला.

न्यूयॉर्कला त्यांचा मुक्काम तेविसाव्या रस्त्यावरच्या चेल्सी हॉटेलात होता. कलावंतांना सांभाळून घेणारं हॉटेल म्हणून ते प्रसिद्ध होतं. तिथल्या खोलीत त्यांनी चित्रं काढली, गावात फिरून बघितली. फेलोशिपची अपेक्षाही तेवढीच होती. अमुक इतकी चित्रं काढा, शेवटी प्रदर्शन भरवा, चार व्याख्यानं द्या, असला करार नव्हता.

ते गेले ती वेळही मोठी चमत्कारिक होती. ज्या अमूर्त धाटणीच्या चित्रकलेशी त्यांचं नातं जोडलं जातं, ती न्यूयॉर्कमध्ये तेव्हा शिळी ठरत होती. पॉप चित्रकार अँडी वॉरहोलने १९६४ च्या एप्रिलमध्ये साबणाच्या पुड्यांची खोकी गॅलरीत मांडली होती. त्याच उन्हाळ्यात रॉबर्ट राउशेनबर्गला व्हेनिसच्या द्वैवार्षिकात चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. पुढच्या वर्षी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये डोळ्यांना भूल पाडणाऱ्या ऑप आर्टचं प्रदर्शन गाजलं. पॉप, ऑप, प्रेक्षकांसमोर घडवलेली ‘हॅपनिंग’ अशी रोज नवी आतषबाजी चालू होती. मुंबईहून आलेला, १९५० च्या दशकात पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचा प्रभाव पचवून रेषेकडून रंगाच्या निखळ पसाऱ्याकडे सरकलेला हा माणूस त्या आतषबाजीच्या मधोमध वर्षभर राहिला आणि त्यातलं काहीही उचलून आणलं नाही. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पंचविशीतला चित्रकार त्या वातावरणात वाहून गेला असता, निदान दोन-चार वर्षं तरी. प्रस्थापित कलावंतावर पैसा लावणं यासाठीच वाजवी ठरतं की काय घ्यायचं आणि काय नाही, हे त्याला कळत असतं.

रॉथ्कोची भेट झाली. तो तेव्हा टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या प्रार्थनागृहासाठीच्या गडद चित्रमालेकडे वळत होता. या भेटीवरून आपल्याकडे एक सोपी कथा रुळली आहे: गायतोंडे न्यूयॉर्कला गेले, रॉथ्को पाहिला आणि तसे रंगवू लागले. ही कथा तारखांनीच खोटी पडते. वस्तुनिरपेक्ष, म्हणजे ओळखीची वस्तू किंवा आकृती नसलेल्या, चित्रांकडे ते १९५० च्या दशकाच्या शेवटी वळले होते. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची सुरी) त्यांच्या हातात न्यूयॉर्कच्या आधीच आले होते. झेन विचारांची ओढ जुनी होती, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज यांच्याकडचं लक्षही इथलंच. आणि ग्रेव्हजला रॉथ्को आठवला तो ‘भुलाभाई’तल्या खोलीत. स्वतः गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणवून घ्यायलाही तयार नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत.

शिवाय दोघांची चित्रं जवळ जाऊन बघितली की फरक स्वच्छ दिसतो. रॉथ्कोचा रंग पातळ, कापडात मुरलेला, कडा धूसर. गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर रंगाला अंग आहे. रोलरने एक थर पसरलेला, तो अर्धवट वाळल्यावर दुसरा, मग सुरीने कुठे खरवडून आतला रंग वर आणलेला. एखाद्या कोपऱ्यात रंग साकळून बेट झालेलं, त्याची कड दाट आणि मध्य विरळ. तिरप्या उजेडात बघितलं तर पृष्ठभागावर चढ-उतार दिसतात. तिथे योगायोगाला वाव दिलेला आहे, पण कुठे थांबायचं ते हातानेच ठरवलं आहे. हे तंत्र कुणाच्या स्टुडिओत अर्धा तास बसून येत नाही.

मग न्यूयॉर्कने दिलं काय? माझं उत्तर असं: मूळ चित्रं बघण्याची संधी आणि एकटं पडल्याची भावना जाण्याची सोय. १९४० च्या दशकातल्या जेजेच्या विद्यार्थ्यांनी आधुनिक युरोप पाहिला तो छापील पुस्तकांतून, वॉल्टर लँगहॅमर आणि रूडी फॉन लायडेन या मुंबईत आसऱ्याला आलेल्या युरोपीय रसिकांच्या घरच्या संग्रहांतून. छापील चित्रात आकार कळतो, रंग साधारण कळतो, पण पृष्ठभाग आणि मापाचा दाब कळत नाही. सहा-सात फुटी कॅनव्हाससमोर माणसाचं शरीर कसं उभं राहतं हे पुस्तक सांगू शकत नाही. आणि ज्याचं सगळं कामच पृष्ठभागावर चालतं, त्याला तर हे बघणं फार महत्त्वाचं. आपण मुंबईत बसून ज्या दिशेने चाललो आहोत तिथे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या वाटेने, मोठं काम केलेलं आहे, हे डोळ्यांनी बघून येणं म्हणजे स्वतःच्या कामाला मिळालेला दुजोरा.

परिणाम दिसायला वेळ लागला. १९६५ मध्ये परत आल्यावर लगेच काही पालटलं नाही. १९६८ च्या सुमारास त्यांनी आडवे कॅनव्हास सोडले आणि पुढे फक्त उभ्या मापात रंगवलं. त्याच काळात वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले कागद रंगावर दाबून उचलायची पद्धत त्यांच्या कामात आली. कागद उचलला की रंगाचा काही भाग त्याच्यासोबत निघून येतो आणि खाली अनोळखी लिपीसारखी चिन्हं राहतात. हे न्यूयॉर्कमुळे झालं असं मी म्हणणार नाही, न्यूयॉर्कशिवाय झालं असतं असंही ठामपणे म्हणता येत नाही. एवढं नक्की की वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत अहवाल मागणाऱ्या कुठल्याही संस्थेला यातलं काहीच दाखवता आलं नसतं. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं करणाऱ्या माणसाच्या बाबतीत फळ मोजायची मुदतही तशीच लांब धरावी लागते.

रॉकफेलर घराण्याच्याच पैशावर गेलेले इतर भारतीय चित्रकार शेजारी ठेवून बघितले तर चित्र आणखी स्पष्ट होतं. तय्यब मेहता १९६८ मध्ये गेले. बार्नेट न्यूमन या अमेरिकन अमूर्त चित्रकाराची मूळ चित्रं बघून ते अक्षरशः हादरले. तोवर त्यांनी त्या जातीचं काम छापील रूपातच पाहिलं होतं. परतल्यावर १९६९ मध्ये त्यांच्या कॅनव्हासवर ती प्रसिद्ध तिरपी रेघ आली आणि आकृती दुभंगली. म्हणजे इथे परिणाम लगेच आणि थेट दिसतो. पण तो दिसला कारण आधीची दहा-पंधरा वर्षं ते एका अडलेल्या प्रश्नाशी झगडत होते. अकबर पदमसी १९६५ मध्ये गेले. त्यांच्याबाबत मला जास्त मोलाचं वाटतं ते नंतरचं: १९६९ ची नेहरू फेलोशिप, जी भारतातलीच, त्यांनी स्वतःवर खर्च न करता मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप उभं करायला वापरली. कॅमेरे, एचिंगचं यंत्र आणि डार्करूम सगळ्यांना खुलं केलं. नलिनी मलानी यांनी तरुणपणी कॅमेऱ्याचे प्रयोग तिथे केले. मोहन सामंत १९५९ मध्ये रॉकफेलरच्याच पैशावर न्यूयॉर्कला गेले, काही वर्षांनी परतले आणि १९६८ मध्ये कायमचे तिकडे गेले. सारंगी वाजवत, कागद आणि तारा चिकटवत ते २००४ पर्यंत तिथेच राहिले. इथल्या कलाव्यवहाराने त्यांना जवळजवळ विसरून टाकलं, याची मला खंत वाटते.

एकाच घराण्याचा पैसा, एकच शहर आणि हे इतके निरनिराळे शेवट. म्हणून एखादी रेसिडेन्सी ‘यशस्वी’ ठरली की नाही याचा एकच मापदंड लावायचा आग्रह मला पटत नाही.

निधीची दुबळी बाजूही सांगायला हवी. साठच्या दशकातली त्याची ठळक भारतीय नावं बघा: गायतोंडे, पदमसी, के. जी. सुब्रमण्यन, तय्यब मेहता, पुढे राम कुमार. सगळे पुरुष, आणि जवळपास सगळे मुंबई, दिल्ली, बडोदा या वर्तुळातले. यात दुष्टपणा कुणाचा नव्हता, निवडीची पद्धतच तशी होती. शिफारशीवर चालणाऱ्या योजनेत शिफारस करणाऱ्याची नजर जिथवर पोचते तिथवरच पैसा पोचतो. ग्रेव्हजचं पत्र गेलं कारण त्याला ‘भुलाभाई’त आणलं गेलं. गायतोंडे नागपूरलाच राहिले असते तर त्यांच्या दारात कोण येणार होतं? तेवढ्याच ताकदीचा एखादा चित्रकार त्या वर्षी कोल्हापुरात किंवा मडगावात बसून काम करत असेल तर त्याची खबर पोर्टर मॅक्रेंना लागण्याचा मार्गच नव्हता.

ही अडचण आजही संपलेली नाही. रॉकफेलर निधीचा तो कार्यक्रम १९८० पासून एशियन कल्चरल कौन्सिल या नावाने चालतो. फोर्डची बर्लिनमधली योजना नंतर डीएएडी या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेने हाती घेतली. प्रवास, घर, विमा आणि वर्षभराचं मानधन देणारी ती जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित निवासवृत्तींपैकी एक मानली जाते. साहित्यिकांना तिथे स्वतः अर्ज करता येतो, पण दृश्यकलेत निवड मंडळच नावं सुचवतं. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात एका जुन्या किल्ल्यात चालणारी चिव्हिटेला रानिएरी हीसुद्धा नामांकनावरच चालते. वरच्या पायरीवरच्या बहुतेक निवासवृत्त्यांचं हेच आहे: अर्ज करता येत नाही, कुणीतरी तुमचं नाव घ्यावं लागतं. नवख्यांच्या रेसिडेन्सीला खुलं आवाहन असतं, मुदत असते, फॉर्म असतो. नाव झालेल्यांच्या रेसिडेन्सीला दारावर पाटीच नसते.

खुल्या अर्जांवर चालणाऱ्या काही ठिकाणी उलटी गंमत दिसते. कलावंताकडून शुल्क घ्यायचं, राहण्याचा खर्च त्याच्यावर टाकायचा, वर एक चित्र संस्थेला भेट द्यायची अट घालायची आणि याला ‘आंतरराष्ट्रीय रेसिडेन्सी’ म्हणायचं. चाळिशी-पन्नाशीतल्या कलावंताने अशा पत्रकाला भुलू नये. १९६४ च्या त्या फेलोशिपशी ताडून बघावं: प्रवास आणि मुक्काम कोण देतं, हातखर्चाला काय, कामावर हक्क कुणाचा, आणि शेवटी मागतात काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जितकं कमी, तितकी ती निवासवृत्ती कलावंताच्या फायद्याची.

परतल्यानंतरचं आयुष्य हा या प्रकरणाचा सर्वांत दुखरा भाग. १९७१ मध्ये गायतोंडे यांना पद्मश्री मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई सोडली आणि दिल्लीत निझामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहायला गेले. ‘भुलाभाई’चं पर्व तोवर आटोपलं होतं, आज त्या जागी उंच इमारत उभी आहे. ज्या वास्तूने ग्रेव्हजला गायतोंडे यांच्यापर्यंत आणलं, तीच राहिली नाही. १९८४ मध्ये अपघात झाला आणि काही वर्षं मोठ्या कॅनव्हासवर काम करणं थांबलं. २००१ मध्ये ते गेले. बारा वर्षांनी, २०१३ च्या डिसेंबरात, ख्रिस्तीज या लिलावसंस्थेच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचं १९७९ सालचं चित्र २३.७ कोटींना गेलं, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. मुंबईत मात्र त्यांच्या तोडीच्या चित्रकाराला स्वस्तात काम करायला आणि जगाला दिसायला जागा पुन्हा तशी झाली नाही.

परदेशातलं एक वर्ष कितीही चांगलं असलं तरी त्याच्या आधी आणि नंतर घरी एक खोली लागते. ती सरकारने द्यावी, उद्योगपतींनी द्यावी की कलासंस्थांनी, यावर वाद घालता येईल. तोवर करण्याजोगं एक काम मात्र अगदी हाताशी आहे. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या ज्या ज्येष्ठ चित्रकारांकडे, क्युरेटरांकडे, कलासमीक्षकांकडे अशा संस्था नावं मागतात, त्यांनी ती देण्यापूर्वी कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सावंतवाडी, मडगाव इथल्या चार-दोन स्टुडिओंत जाऊन यावं, चित्रं नीट उजेडात बघावीत आणि मग यादी लिहायला बसावं.